तुळशीवृंदावनासाठी घरीच टाइल्स रंगवल्या, पण रंग टिकवायचा कसा?

पारिजातक_फोंडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढते आहे.

आमच्या आंगणातले तुळशीवृंदावन सासऱ्यांच्या लग्नाआधीचे. आत चिरा (जांभा दगड), वर चुन्याचा गिलावा. गेल्या पावसात एका बाजूचा गिलावा ताटाएवढा निखळून पडला, तेव्हा ठरले की डागडुजी करताना चारही बाजूंना टाइल्स लावायच्या. गवंडीबाबने लगेच दुकान सांगितले. तिथे राधाकृष्ण, गणपती, लक्ष्मी सगळे छापील तयार. मला ते नको होते. माझे माहेर पेडण्याकडचे. गावच्या देवळाच्या भिंतीवर कावी होती. पांढऱ्यावर तांबडे मोर, कुंड्या, वेली. तसे काहीतरी स्वतःच्या हाताने काढायचे, हे डोक्यात बसले.

मग सहा इंची पांढऱ्या टाइल्स आणल्या, ॲक्रेलिक रंग आणले. दुपारी सगळे आडवे झाले की मी जेवणाच्या टेबलावर. बारा टाइल्स झाल्या. आठवडाभर सुकवल्या, वॉर्निशचे दोन हात दिले. मांय, म्हणजे सासूबाई, दूधवाल्यालासुद्धा आत बोलावून दाखवत होत्या.

एक अक्कल मात्र वेळेवर सुचली. एक टाइल आधी आंगणात पावसात ठेवून पाहिली. नवव्या दिवशी मोराची मान दुधावरच्या सायीसारखी बोटावर आली. अख्खी. खाली टाइल पांढरीशुभ्र, दुकानातून आणली तशी.

आता घरच्या ओटीजीत भाजून काही उपयोग होईल का? की रंगच चुकला? व्हडल्या दिवाळीला तुळशीचे लग्न, त्याआधी वृंदावन उभे राहायला हवे. आज जुलै संपतोय.

चिऱ्याची_भिंत

ॲक्रेलिक जाणारच होते. टाइलवरचा चकचकीत थर म्हणजे काचच. तिच्यावर रंगाला धरायला काही नसते, नुसता पापुद्रा बसतो. कडेने ओल शिरली की सगळा सुटतो. वॉर्निश त्या पापुद्र्याच्याच डोक्यावर बसलेले, ते कोणाला धरणार?

आणि पाणी फक्त वरून येते असे समजू नका. चिरा पाणी पितो. वृंदावनात रोज तांब्याभर पाणी ओतणार, ते मागच्या बाजूने टाइलमध्ये उतरणार. भिंतीला लावायच्या साध्या सिरॅमिक टाइलचे अंग सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी ते शोषू शकते. खात्री करायची तर टाइल पालथी घाला आणि पाठीवर पाण्याचा थेंब टाका. बघता बघता जिरेल.

कोकमसार

छापील राधाकृष्ण लावा आणि मोकळ्या व्हा. तुळशीला काय फरक पडतो?

सुकें_सुंगट

@कोकमसार, छापील देवांचे सांगू नका हो. आमच्या सोसायटीत जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकतात म्हणून सेक्रेटरीने तिथे सर्वधर्मसमभाव लावला आहे, चार टाइल्स, चार देव. आता लोक नमस्कार करतात, एक मजला वर चढतात आणि तिथे थुंकतात.

कोकमसार

हहपुवा!

रंगपेटी

मी गेली चार वर्षे टाइल्स, कप, ट्रे रंगवते, त्यामुळे ओटीजीचे मी सांगू शकते.

ओव्हनमध्ये भाजायचे रंग वेगळे मिळतात. 'पोर्सलेन १५०' अशा नावाने शोधा. नावातला १५० म्हणजे भाजायचे तापमान. टाइल आधी साबणाने धुवायची, मग स्पिरिटने पुसायची, आणि त्यानंतर चेहऱ्याला बोट लावायचे नाही. (टाइलच्या चेहऱ्याला. स्वतःच्या लावलेत तरी चालेल.) बोटाचे तेल राहिले की नेमका तिथेच रंग फाटतो. रंगवून २४ तास सुकू द्यायचे. मग टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन चालू करायचा. तापमान १५० अंशांवर पोचले की तिथून ३५ मिनिटे मोजायची, आणि बंद केल्यावर दार न उघडता आतच गार होऊ द्यायची. तापलेल्या ओव्हनमध्ये गार टाइल टाकलीत तर टणकन आवाज येईल. मी तो ऐकला आहे.

ओटीजीच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका. माझा १५० म्हणतो तेव्हा आत १८५ असते. चार पैशांच्या हावेपायी थर्मामीटर घेतला नव्हता, तेव्हा पांढऱ्या शेवंतीचा झेंडू झाला.

पण हे सगळे घरातल्या वस्तूंसाठी. ट्रे, चहाच्या कपाखालची टाइल, देवघराची भिंत. माझी एक नावाची पाटी बाहेर बाल्कांवात आहे. वर छप्पर आहे तरी दोन पावसाळ्यांत निळा रंग मळकट झाला. उघड्या वृंदावनासाठी मी तरी शब्द देणार नाही.

म्हापशेकार

घरचा ओव्हन लहान पडतो म्हणून मी काय केले ते सांगतो. कोणी करू नये म्हणून सांगतो.

आमच्या वाड्यावरचा पोदेर माझा शाळासोबती. त्याची लाकडाची भट्टी, पहाटेचे पाव काढले की दहा वाजेपर्यंत गरमच असते. म्हटले, फुकटची ऊब वाया का घालवा? आठ टाइल्स रंगवल्या आणि फळीवरून आत सरकवल्या, पावासारख्या. रंग कसला होता ते विचारू नका, घरात उरलेला ऑइल पेंट.

अर्ध्या तासाने धूर. पोदेर फावडे घेऊन धावला. टाइल्स बाहेर आल्या तेव्हा आंबा, माड, होडी सगळे एकाच रंगाचे झाले होते, उंडा पावाच्या पाठीसारखे. तेही एक वेळ चालले असते. पण संध्याकाळच्या पोळीला (चपाती नव्हे, आमचा कोंड्याचा पाव) टर्पेंटाइनचा वास! वाड्यावर बोंबाबोंब. एक आजी तर पोळी परत घेऊन आली आणि म्हणाली, "पुता, पेट्रोल म्हारग जालां, पोळयेंत कित्याक घालता?"

सुकें_सुंगट

😂😂 आजीला साष्टांग.

भट्टीकार

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात शिजताहेत, म्हणून जरा लांब लिहितो. मी सिरॅमिक शिकलो आहे, आता अधूनमधून करतो.

रंगपेटीताई म्हणतात ते रंग १५० अंशांवर कडक होतात, पण काचेत मिसळत नाहीत. ओव्हन कितीही चांगला असला तरी घरचा २५० च्या आसपास संपतो. काच तेवढ्यात ढिम्म हलत नाही. रंग पावसात टिकायचा असेल तर तो काचेचाच भाग झाला पाहिजे आणि त्याला भट्टीच हवी.

भट्टीत जायचे दोन रस्ते. पहिला पणजीतल्या जुन्या अझुलेजोंचा, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रित टाइल्सचा. एकदा भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथील घातलेला पांढरा काचलेप ओततात. तो सुकला की वर नुसती पांढरी भुकटी बसलेली असते. तिच्यावर कुंचला टेकला की ती टिपकागदासारखे पाणी ओढते. खोडायची सोय नाही, रेघ चुकली की टाइल धुऊन पहिल्यापासून. निळ्यासाठी कोबाल्ट. रंगवताना तो काळपट दिसतो, त्यामुळे नवशिक्याला भीती वाटते. मग साधारण १००० अंशांवर दुसरी भाजणी. लेप वितळतो, रंग त्यात बुडतो, आणि निळा उमटतो. हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जावे. पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग भिंतभर आहेत, १९३५ सालचे, जोर्ज कोलासो या चित्रकाराचे. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या सांव बेंतु रेल्वे स्थानकातल्या सुमारे वीस हजार टाइल्स त्याच्याच. आपण तिथून गाडी पार्क करायला जागा शोधत जातो, वर बघत नाही.

दुसरा रस्ता तुमच्या कामाचा. दुकानातली तयार चकचकीत टाइल घ्यायची, तिच्यावर भट्टीचे खास रंग लावायचे आणि ७५० ते ८०० अंशांच्या दरम्यान भाजायचे. खालची काच जराशी मऊ होते आणि रंग तिला धरतो. हे रंग पूड असतात. दाट झालेल्या टर्पेंटाइन तेलात घोटायचे, आणि गोव्याच्या उन्हाळ्यात लवकर सुकू नयेत म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब घालायचा. चूक झाली तर भाजण्याआधी कापसाने पुसता येते. बोळा ओला असतो तोवर जग आपले.

चित्र उतरवायची युक्ती दोन्हीकडे एकच. पातळ कागदावर रेखाटन करा, रेघांवर सुईने भोके पाडा, कागद टाइलवर ठेवा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटा. रांगोळीच्या छापासारखे ठिपके उतरतात. भट्टीत कोळसा जळून जातो. बारा टाइल्सवर एकसारखी वेल हवी असेल तर याला पर्याय नाही.

जाता जाता एक सांगतो. अझुलेजो हा शब्द 'अझुल' म्हणजे निळा यावरून आला असे पर्यटकांना हमखास सांगतात. तसे नाही. मूळ अरबी शब्द, घोटलेला गुळगुळीत दगड अशा अर्थाचा. सुरुवातीचे अझुलेजो तर रंगीबेरंगी असत. निळ्या-पांढऱ्याची लाट सतराव्या शतकाच्या अखेरीस आली, चिनी भांडी आणि डच टाइल्स पाहून.

वाखरी

वाचनखूण साठवली. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे येतो.

शंखनाद

सगळे छान आहे, पण कोणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. आपल्या आंगणात तुळस, तिच्यावर पोर्तुगीजांची कला? साडेचारशे वर्षे कमी पडली का?

म्हापशेकार

@शंखनाद, बाब, सकाळी पाव खाल्लात का?

शंखनाद

मी भाकरी खातो.

म्हापशेकार

भाकरीबरोबर मिरची?

तांबडी_भाजी

मिरची, काजू, बटाटा यांच्यावरून हा वाद दर सहा महिन्यांनी इथे होतो आणि दर वेळी मिरचीच जिंकते. धागाकर्तीने जहाज काढलेले नाही, मोर काढला आहे. कावीचा. त्यात पोर्तुगीज कुठून आला?

शंखनाद

मोर आपला, टाइल त्यांची, एवढेच म्हणणे. कलेला विरोध नाही. पण आपल्याकडे भिंत सजवायची स्वतःची पद्धत असताना ती टाइलवर नक्कल करून लावायची, हे मला खुपते. कावी टाइलवर होत नाही, चुन्यात होते. शिंपल्यांचा चुना, बारीक चाळलेली वाळू, वर तांबड्या मातीचा लेप, आणि तो ओला असतानाच टोकदार सळीने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. ते खरवडणे म्हणजे कावी. कुंचल्याने तांबडा मोर काढला तर ते कावीचे चित्र झाले, कावी नव्हे.

पारिजातक_फोंडा

@शंखनाद, तुम्ही बरोबर बोललात आणि मला ते लागलेही. पण चुन्यात करणारा माणूस आणायचा कुठून? माझ्या माहेरच्या देवळात दोन-तीन वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. आता तिथे भिंतभर ग्रॅनाइट आहे. आरशासारखे. ज्या मोराकडे बघत मी लहानपणी आरती संपायची वाट पाहायचे, त्याचा फोटोसुद्धा कोणाकडे नाही. मी जे काढते ते आठवणीतून काढते. मान जरा लांब झाली असेल.

भट्टीकार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, वहीत उतरवून घेतला. भट्टी कुठे मिळेल?

शंखनाद

हे माहीत नव्हते. ग्रॅनाइटबद्दल वेगळा धागा काढायला हवा. तुम्ही काढा टाइल्स.

पेडणेकरीण

आमच्याकडेही ग्रॅनाइट. 😐

भट्टीकार

स्वतःची भट्टी घ्यायच्या भानगडीत पडू नका. बाराच टाइल्स आहेत. ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे असे मातीकाम करणारे स्टुडिओ गोव्यात बरेच झाले आहेत, त्यांना विचारा. त्यांची भट्टी भरत असेल तेव्हा तुमच्या टाइल्सना कोपरा मिळतो. मात्र तापमान आधी विचारा. त्यांच्या १२०० अंशांच्या भाजणीत तुमचे रंग गेले तर बाहेर काय येईल ते म्हापशेकारांना माहीत आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पावसात ठेवलेली ती टाइल भट्टीत घालू नका, आतल्या ओलीची वाफ होऊन ती फुटेल. सगळ्याच टाइल्स आधी ओव्हनमध्ये शंभराच्या वर नीट वाळवा. दुसरे, दुकानातली प्रत्येक टाइल पुन्हा भाजणी सहन करतेच असे नाही, तेव्हा आधी एक कोरी टाइल पाठवा. तिसरे, तांबडा. लोहाचा तांबडा नाजूक असतो. जास्त तापला की तपकिरी होतो, आणखी तापला तर उडून जातो. कावीचा सगळा खेळच तांबड्यावर, म्हणून त्याची वेगळी चाचणी घ्या.

हळदीकुंकू

मला एक शंका. या भट्टीच्या रंगांत शिसे असते म्हणतात. तुळशीची पाने आपण तोंडात टाकतो, तीर्थात घालतो.

भट्टीकार

रास्त शंका. जुन्या प्रकारच्या काही रंगांत शिसे असते, लाल-पिवळ्यांत कॅडमियमही. विकत घेतानाच शिसेविरहित मागा. वृंदावनाच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या, नीट भाजलेल्या टाइलमधून मातीत काही उतरेल अशी मला काळजी वाटत नाही. काळजी रंगवणाऱ्याची. पूड घोटताना मास्क लावा, जेवणाच्या टेबलावर अजिबात घोटू नका, आणि कुंचल्याचे टोक तोंडात धरून टोकदार करायची सवय असेल तर ती आजच मोडा.

पारिजातक_फोंडा

आहे सवय. 🙈 आणि टेबलही जेवणाचेच. दोन्ही बंद.

दोतोर_नव्हे

अवांतर: लादी, फरशी आणि टाइल यांत फरक काय? आमच्या घरी जमिनीवर असते ती लादी आणि भिंतीवर चढली की टाइल.

सुकें_सुंगट

माणसाचेही तसेच आहे. जमिनीवर असतो तोवर दामू, वर चढला की दामोदरबाब.

चिऱ्याची_भिंत

टाइल लाख भाजा, बसवताना घोळ केलात तर तीही जाणार. आमच्या कामावर हे रोज बघतो.

वृंदावनाची माती थेट चिऱ्याला लावू नका. आत एक कुंडी बसवा, तळाला भोक ठेवा आणि ते पाणी बाहेर जायला वाट द्या. निम्मा रोग तिथेच बरा होतो. जुना गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजेल तेवढा सगळा काढा. नवा गिलावा पूर्ण वाळू द्या. ऑगस्टमध्ये तो वाळणार नाही, तेव्हा घाई नको. टाइलमागे चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे थापून गवंडी टाइल दाबतात, ते करू देऊ नका. मागे पोकळी राहते, तिथे पाणी साठते, क्षार फुगतात आणि टाइल सुटते. पूर्ण पाठ भरून लावायला सांगा. सांधे दोन-तीन मिलिमीटर ठेवा.

आणि पणतीच्या कोनाड्यात टाइल नको. तेल, काजळी, एका जागी आच. तिथे चुनाच बरा.

नुस्ते_शीत

आमच्या आजोळी शिवोलीला जुन्या घराच्या सोप्यात फुटक्या चिनी बश्यांच्या तुकड्यांची जमीन होती. निळी फुले, सोनेरी कडा, कुठे कपाचा अर्धा कान. आजी सांगायची, एकेक तुकडा म्हणजे एकेक भांडण. धागाकर्तीने त्या अकरा टाइल्स टाकून देऊ नयेत, एवढेच सुचवायचे होते.

रंगपेटी

टाकायच्या कशाला? गरम पाण्यात बुडवून ठेवा, ॲक्रेलिक ब्लेडने निघून येते. तीच टाइल पुन्हा वापरता येईल.

भट्टीकार

हो, पण मग आधी वाळवा. पुन्हा सांगतो.

नावात_काय_आहे

घराच्या नावाची टाइल करणाऱ्यांना सल्ला. मी 'श्रीकृपा' लिहिले, खास ओळखीच्या माणसाकडून भाजून घेतले, सिमेंटात बसवले. महिन्याने भाचीने वाचले, "मामा, श्रीकुपा म्हणजे काय?" ऋकार उलटा वळला होता. भट्टीतून आलेले शुद्धलेखन दुरुस्त होत नाही. आता कुरिअरवालासुद्धा फोनवर "कुपांचे घर का?" विचारतो.

कोकमसार

मी मघापासून छापील म्हणतोय.

दोतोर_नव्हे

धागा झोपला की चवथ आली?

तांबडी_भाजी

चवथ. गणपतीवरची माटोळी बांधायला माणसे मिळेनात, टाइल्स कोण रंगवणार.

पारिजातक_फोंडा

हजर! चवथ झाली, गौर गेली, नेवऱ्यांचा डबा रिकामा झाला, आता हिशोब देते.

भट्टी मिळाली, घरापासून तासाभरावर. तिथल्या बाईंनी आधी कोरी टाइल मागितली, अगदी भट्टीकार म्हणाले तशी. ती टिकली. मग तांबड्याच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या भाजण्यांत टाकल्या. ८२० ला गेली ती जळक्या काजूच्या बोंडासारखी, ७६० ची अगदी कावीच्या जवळ. मांयला दोन्ही दाखवल्या, त्यांनी काही न बोलता दुसरीवर बोट ठेवले.

जुन्या टाइल्सचा रंग गरम पाण्यात सुटला. अकरा मोर खरवडताना कसेतरीच वाटले. मग ओटीजीत वाळवल्या. पण रंगवायला बसले आणि समजले की ॲक्रेलिकची सवय इथे चालत नाही. त्याचा एक हात सुकला की वर दुसरा द्यायचा. इथे दुसरा हात दिला की पहिला उठून येतो. पहिले चार मोर म्हणजे ओले कोंबडे. पाचव्यापासून हात बसला. सुईने टोचलेला कागद मात्र वरदान. शेजारच्या मुलींनी त्यावरून आपल्या वह्यांत मोर छापून घेतले.

परवा चौदा टाइल्स भट्टीत गेल्या, दोन राखीव धरून.

हळदीकुंकू

मग? मग? असे अर्धवट सोडून जाऊ नये माणसाने.

भट्टीकार

पूर्ण गार होईपर्यंत दार उघडू देऊ नका, बाईंना सांगा. उत्सुकता हा टाइलचा मुख्य शत्रू.

पारिजातक_फोंडा

बाईंनी रात्रभर उघडले नाही. मीच चार वेळा फोन केला.

चौदातल्या अकरा चांगल्या. दोन तडकल्या. त्यांचा दोष माझा, वाळवायचा कंटाळा करून शेवटच्या दोन उन्हात ठेवल्या होत्या आणि नेमकी सर आली. आणि एकीवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. रंग लागलेला अंगठा कडेला टेकला असावा, तो तांबड्यात तसाच भाजून निघाला, रेघ न् रेघ. म्हणजे बारासाठी तीच घ्यावी लागणार. मी म्हटले, ती मागच्या बाजूला, भिंतीकडे लावू. मांय म्हणाल्या, "ती फुडें लाय." कारण सांगितले नाही.

बसवायचे काम चालू आहे. गवंडीबाबने पाच गोळे थापायला घेतलेच होते. मी @चिऱ्याची_भिंत यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "हो कोण इंजिनियर?" आणि पूर्ण पाठ भरून लावली. तोंड फुगवून, पण लावली.

चिऱ्याची_भिंत

भरून पावलो. सांध्यांत भरण घालायला निदान एक दिवस जाऊ द्या.

शंखनाद

कोनाड्याचे काय केलेत?

पारिजातक_फोंडा

कोनाडा चुन्याचाच ठेवला. आणि तुमच्यासाठी बातमी. त्याच्या वरच्या कमानीला ओल्या चुन्यावर तांबडा लेप देऊन मी सळीने दोन पाने खरवडली. वाकडी आहेत. एक पान कमी, जिभेसारखे जास्त दिसते. पण खरवडून काढलेली आहेत.

शंखनाद

🙏 फोटो टाका.

पारिजातक_फोंडा

लग्न झाले की टाकते. सध्या ऊस, आवळ्याची आणि चिंचेची फांदी, दिंड्याची काठी गोळा करायच्या मागे आहे. चिंचा आमच्याकडे नाहीत, आवळा ज्यांच्याकडे आहे ते बोलत नाहीत.

नुस्ते_शीत

तडकलेल्या दोन टाकू नका!

पारिजातक_फोंडा

नाही टाकल्या. वृंदावनाच्या पायरीत तुकडे बसवले. पाय ठेवताना जपावे लागते, पण तिथे पाय ठेवायचाच नसतो.

कोकमसार

बरे दिसत असेल. छापीलपेक्षा. (हे मी एकदाच लिहिणार आहे.)

दोतोर_नव्हे

सगळे मार्गी लागले, पण म्हापशेकार, त्या पोदेराचे पुढे काय झाले?

म्हापशेकार

पाव देतो अजून. सायकलची पों पों आमच्या दारात जरा जास्तच जोरात वाजवतो आणि उधारी बंद केली आहे. त्या आठ टाइल्समधली एक त्याने मागून घेतली. भट्टीच्या तोंडाशी लावली आहे, दार टेकवायला.